खुलासा : कियाख्ताचं ‘स्फटिकाचं चर्च’

पांढऱ्या खांबांच्या एका चर्चचा फोटो ‘मंगोलियातलं, झारने बांधलेलं स्फटिकाचं चर्च’ म्हणून फिरतोय. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. हे पुनरुत्थान चर्च रशियातल्या बुर्यातियात, कियाख्ता गावात आहे. मंगोलियाची सीमा अगदी लागून, त्यामुळे गोंधळ झाला असावा. १८३० ते १८३८ दरम्यान ते उभं राहिलं ते व्यापाऱ्यांच्या पैशावर. १७२७च्या रशिया-चीन करारानंतर चीनचा चहा याच वाटेने रशियात जायचा, आणि त्या चहाने हे आडबाजूचं गाव गब्बर केलं. ते श्रेय झारला देणं मला खटकतं. इमारत दगडी, नवअभिजात, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन वळणाच्या शैलीतली. स्फटिकाचे खांब होते, पण आत, वेदीपुढच्या संतचित्रांच्या भिंतीला. कृपया दुरुस्त मजकूरच पुढे पाठवा.