‘न कळवता जा, खूप हसवा’: एका फॉरवर्डला उत्तर

जुनाट आजार किंवा डिप्रेशन असलेल्यांना कसं भेटावं, याबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरतो. ‘भेट हेच औषध. न कळवता जा, खूप हसवा, आजाराचं नाव काढू नका आणि मरणाचे विचार येतात का, हे तर चुकूनही विचारू नका.’ हेतू चांगला आहे, सल्ला नाही.

न कळवता का जायचं? ऱ्हुमॅटॉइड संधिवातात सकाळी सांधे तासभर, कधी त्याहून जास्त वेळ आखडलेले असतात. बेल वाजली की त्या माणसाला भिंत धरत दारापर्यंत यायचं असतं, वर हसायचंही असतं. डायलिसिस साधारण आठवड्यातून 3 वेळा, दर खेपेला 4 तासांच्या आसपास चालतं. त्यानंतर अनेकजण पार गळून जातात. आधी फोन करा, आणि ‘आज नको’ म्हटलं तर रुसू नका. (फळं नेतानाही विचारा. किडनीच्या पेशंटला पोटॅशियममुळे काही फळं चालत नाहीत.)

पाहुण्यासमोर पेशंट उसनं अवसान आणतो आणि पाहुणा ‘छान दिसतोस की!’ म्हणत खुशीत निघतो. क्रॉनिक फटीग सिंड्रोममध्ये, म्हणजे विश्रांतीनंही न जाणाऱ्या थकव्याच्या आजारात, त्या गप्पांचा त्रास बरेचदा 12 ते 48 तासांनी उफाळतो. तो बघायला घरचेच उरतात. अर्धा तास पुष्कळ झाला, आणि त्यात गप्प बसलेलंही चालतं.

भेट हेच औषध? डिप्रेशनच्या गोळ्यांनाही गुण यायला काही आठवडे लागतात. आणि नुसती माणसं भोवती असून भागत नाही. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये केलेला अभ्यास 1972 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घरांत टीका, तुसडेपणा किंवा अति काळजी होती, तिथे परतलेल्या स्किझोफ्रेनियाच्या (हा एक गंभीर मानसिक आजार) रुग्णांचं दुखणं उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं. ‘जरा मनावर घे, सगळं ठीक होईल’ हे माझ्या मते टीकेतच जमा, कितीही मायेनं म्हटलं तरी.

आजाराबद्दल बोलायचं की नाही, ते पेशंटला ठरवू दे.

शेवटचा सल्ला मात्र घातक आहे. विचारल्यानं आत्महत्येची कल्पना डोक्यात भरते, हा गैरसमज असल्याचं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. शंका आली तर सरळ विचारा, ‘जीव नकोसा होतोय का? मरावंसं वाटतं का?’ उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका. घरच्यांना आणि डॉक्टरांना लगेच कळवा. ‘कुणाला सांगू नकोस’ अशी शपथ घातली, तरी ती पाळायची नाही.