पोटरीच्या दुखापतीसाठी झालेल्या पहिल्या भेटीबाबत आपल्या अभिप्रायास उत्तर

महोदय, सप्रेम नमस्कार.

आमच्या केंद्राला एक तारा देऊन आपण लिहिलेला सविस्तर अभिप्राय मी दोनदा वाचला. बॅडमिंटन खेळताना पोटरीत चमक भरली म्हणून आपण आलात, मालिश होईल आणि मशीन लावली जाईल अशी आपली अपेक्षा होती. प्रत्यक्षात पाऊण तास प्रश्नच विचारले गेले, पोटरी ‘दोनदा दाबली, एवढेच’, ६०० रुपये घेतले आणि वर डॉक्टरांकडे पाठवले, जिथे डॉप्लर तपासणी (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) नॉर्मल निघाली, अशी आपली तक्रार आहे. रुग्णाची माहिती चारचौघांत मांडण्याचा मला अधिकार नाही, त्यामुळे आपण स्वतः जेवढे लिहिले आहे तेवढ्यालाच धरून मी उत्तर देत आहे.

आपण सर्वाधिक रागाने लिहिलेले वाक्य असे आहे: ‘मी मुंबईहून रात्रभर गाडीत बसून आलो याच्याशी माझ्या पोटरीचा काय संबंध?’ संबंध आहे, आणि माझ्या मते त्या पाऊण तासातला तो सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होता. पोटरी दुखणे, सुजणे आणि चालताना ताणल्यासारखे वाटणे ही लक्षणे स्नायू फाटल्यावर दिसतात, तशीच ती पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्यावरही दिसतात. सलग ४ तासांहून अधिक बसून प्रवास केल्यास अशा गुठळीचा धोका साधारण दुपटीने वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून समोर आले. नागपूरहून मुंबईला रेल्वेने जाणारा प्रत्येक जण ही मर्यादा सहज ओलांडतो. निरोगी माणसाच्या बाबतीत मुळात हा धोका थोडाच असतो, परंतु गुठळी असलेल्या पोटरीवर जोराने मालिश केली आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला, तर ते जिवावर बेतू शकते. म्हणूनच गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली पेनाने खूण करून आम्ही दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजतो. ज्या पायाला काहीच झालेले नाही त्याचे माप कशाला, असेही आपण विचारले आहे. दोन्ही घेरांत ३ सेंटिमीटरहून अधिक फरक आढळला तर गुठळीची शंका बळावते, आणि तो फरक दुसरा पाय मोजल्याशिवाय कळत नाही.

आता ‘दोनदा दाबली, एवढेच’ याविषयी. रुग्णाला उपडे झोपवून, पावले टेबलाच्या कडेबाहेर मोकळी सोडून पोटरी हाताने आवळली की पाऊल आपोआप खालच्या दिशेला हलायला हवे. ते हलले नाही, तर टाचेच्या वरची जाड कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा पट्टा) तुटलेली असण्याची दाट शक्यता असते, आणि अशा रुग्णाला आमच्या टेबलावर न ठेवता त्याच दिवशी अस्थिरोग शल्यचिकित्सकांकडे पाठवावे लागते. या दुखापतीत आणि पोटरीचा स्नायू फाटण्यात रुग्ण बहुतेक वेळा एकच वाक्य सांगतो: ‘मागून कोणी तरी काठी मारली असे वाटले, वळून पाहिले तर मागे कोणीच नव्हते.’ त्या क्षणी आपण पुढे झेप घेत होतात की मागे सरकत होतात, ‘कट्’ असा आवाज आला का, त्यानंतर खेळ चालू ठेवता आला का, दुसऱ्या दिवशी काळेनिळे पडले का, हे सारे त्यासाठीच विचारले जाते. दाबण्याला दहा सेकंद लागली. पण त्या दहा सेकंदांचा अर्थ आधीच्या उत्तरांमुळेच लागतो.

अलीकडे कोणते अँटिबायोटिक घेतले, हा प्रश्नही आपल्याला अनाठायी वाटला. जुलाबासाठी किंवा लघवीच्या संसर्गासाठी आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातील औषधांमुळे कंडरा सुजण्याचा किंवा तुटण्याचा धोका वाढतो, आणि अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००८ साली त्यावर ठळक इशारा छापणे बंधनकारक केले. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर छोट्या फाटीतूनही स्नायूत बराच रक्तस्राव होतो. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांमुळे काहींचे स्नायू एरवीही दुखतात. साठीपुढच्या कितीतरी रुग्णांकडे यांपैकी एक तरी गोळी असतेच.

मालिश आणि शेक मी मुद्दाम टाळले. ताज्या फाटीत पहिले दोन-तीन दिवस रक्त झिरपत असते, आणि त्यावर गरम तेलाने चोळले तर ते वाढते. घरी आजी-आजोबांनी केलेल्या उपायांबद्दल माझ्या मनात आदरच आहे, तरी या एका बाबतीत मी ठाम आहे.

चूक आमची झाली ती इथे. पाठीतली नस दबल्यानेही मांडी-पोटरी दुखते, म्हणून मुंग्या येतात का आणि लघवीवर ताबा आहे का, हे विचारणे आवश्यक असते. पण हा प्रश्न प्रशिक्षणार्थीने पडद्याआड, शेजारच्या टेबलावर दुसरे रुग्ण असताना, मोठ्याने विचारला. आपल्याला ओशाळल्यासारखे झाले, असे आपण लिहिले आहे. कोणालाही झाले असते. त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागते. तेच प्रश्न नंतर मी पुन्हा विचारले, कारण आधीचा कागद मी वाचला नव्हता. पाऊण तासातली किमान १५ मिनिटे त्यामुळे वाया गेली. आणि कोणता प्रश्न कशासाठी आहे, हे त्या वेळी एका वाक्यात सांगितले असते, तर वरचे एवढे परिच्छेद आज मला लिहावे लागले नसते. या सोमवारपासून पहिली मुलाखत दार बंद असलेल्या खोलीत होते, आणि ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच व्यक्ती घेते.

डॉप्लर नॉर्मल आली याचा मला आनंद आहे. आपल्याला तो खर्च व्यर्थ वाटला, हे मी समजू शकते, परंतु गुठळी नाही हे हाताने पाहून खात्रीने सांगता येत नाही आणि शंका असताना मालिश करण्याचे धाडस मी पुढेही करणार नाही. ‘कमिशनसाठी पाठवले’ या आपल्या शब्दांचे मात्र मला दुःख झाले. कोणत्याही तपासणी केंद्राकडून किंवा डॉक्टरांकडून आम्ही एक रुपयाही घेत नाही. तपासणी कुठे करायची हे रुग्णच ठरवतो.

६०० रुपये हे त्या मुलाखतीचे आणि तपासणीचेच होते व ते योग्य होते, असे माझे मत आहे. तथापि वेळ ठरवताना ही रक्कम फोनवर आपल्याला सांगितली गेली नव्हती, म्हणून ती परत करण्याची सूचना मी काउंटरवर दिली आहे. त्यासाठी पुन्हा उपचार घेण्याची कोणतीही अट नाही.

पोटरी अजून दुखत असेल तर डॉप्लरचा अहवाल घेऊन, आमच्याकडे किंवा आपल्या विश्वासाच्या कोणत्याही फिजिओथेरपिस्टकडे, जरूर जा. आधी दोन्ही पायांवर आणि मग दुखऱ्या एका पायावर, टाच उचलून चवड्यावर विनावेदना उभे राहता येईपर्यंत कोर्टवर उतरू नये, एवढी विनंती. आमच्याकडे येणार असाल तर दुपारी ४ ते ५ या वेळात गर्दी नसते आणि आपला कागद या वेळी मी आधी वाचलेला असेल.

आपली,
संचालिका व फिजिओथेरपिस्ट, नागपूर