गाड्यासमोर गाडी कशी लावावी

दुपारी दीडच्या सुमाराला सांगलीच्या शंभर फुटी रोडवर झुणका-भाकरीच्या गाड्यावर जायचा योग आला, तर आपल्यासारख्या मोठ्या माणसांनी काही पथ्यं पाळावीत. ही पथ्यं मी पुस्तकात वाचलेली नाहीत. गेल्या मंगळवारी एका थोर गृहस्थांनी ती मला करून दाखवली आणि मी ती उन्हात, उभ्यानं, उपाशीपोटी बघितली. इतकं फुकटचं ज्ञान एकट्यानं ठेवून घेणं बरं नव्हे, म्हणून हा खटाटोप.

सगळ्यात आधी, गाडीतून उतरायचं नाही. आपली पांढरी चारचाकी थेट गाड्याला खेटून आणावी, इतकी की बाकड्यावर जेवत बसलेल्या माणसाच्या ताटलीत बंपरची सावली पडली पाहिजे. इंजिन चालू ठेवावं. आत गारवा राहतो आणि बाहेर जेवणाऱ्यांना गरम वाफ मिळते, म्हणजे दोघांचंही काम होतं. काच चार बोटं खाली घ्यावी. त्याहून जास्त घेतली तर फोडणीचा वास आत येतो, आणि सीटकव्हर नवीन असतं.

मग हॉर्न. एकदा वाजवला तर गाडा चालवणाऱ्या मावशींना वाटतं, रस्त्यानं कुणीतरी चाललंय. तीनदा वाजवावा. तरीही त्यांनी तव्यावरची नजर काढली नाही, तर चार बोटांच्या फटीतून ‘ओ मावशीऽऽ’ अशी हाक घालावी. मावशी म्हटलं की नातं लागतं, आणि नात्यात कुठली आलीय रांग?

रांगेचं सांगायचं तर, गाड्यावर रांग नसतेच हा आपला समज अजिबात सोडू नका. माणसं एकामागं एक उभी दिसत नाहीत हे खरं आहे. कुणी झाडाखाली असतो, कुणी बाकड्यावर, कुणी मोटारसायकलवर बसून मोबाईल बघत असतो. पण आधी कोण, मग कोण, हे सगळं मावशींच्या डोक्यात पक्कं असतं. त्या दिवशीचा नंबर असा होता: पाण्याच्या टँकरवाले मामा, मग वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजची दोन पोरं, मग शोरूमवाले दादा, मग कुरिअरवाला, मग शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, निवडायला येणाऱ्या एक आज्जी, ज्या पैसे देत नाहीत आणि ज्यांच्याकडं मावशी मागतही नाहीत. ह्यातला शोरूमवाले दादा म्हणजे मी. ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये हिशोब बघतो. मावशींना माझं नाव माहीत नाही, पण मला कडक भाकरी लागते आणि झुणक्यावर तेल नको असतं, हे माहीत आहे.

सलग काही तास काम करून घेतलं की किमान अर्धा तास सुट्टी द्यावी लागते, असं आपल्या राज्याच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना अधिनियमात लिहून ठेवलंय. आमच्या साहेबांनी त्यातला ‘किमान’ तेवढा गाळून वाचला. दीडला मशीनवर अंगठा, दोनला परत अंगठा. पाच मिनिटं चालत जायला, पाच यायला. उरली वीस. त्या वीस मिनिटांत नंबर लागायचा, भाकरी पडायची, खायची, हात धुवायचा, आणि जमलंच तर दोन मिनिटं कडुनिंबाखाली काहीच न करता बसायचं. अख्ख्या दिवसातली माझी म्हणावीत अशी तीच दोन मिनिटं.

आता मुख्य पथ्य. पार्सल सांगायचं असेल तर किती हवंय ते ठरवून येऊ नये. मावशींचं लक्ष आपल्याकडं वळलं, त्यांनी ‘किती बांधू?’ म्हणून विचारलं, की मग घरी फोन लावावा.

‘हां, अगं, भाकरी घ्यायलोय. किती घिऊ? … पप्पा खाणार का? … अगं मग विचार की. … झोपल्यात? उठीव. … बरं, मऊ सांगू का कडक? … पिंकीला खरडा चालतोय का?’

एवढा वेळ मावशींच्या हातात अर्धी थापलेली भाकरी. गृहस्थांनी त्यांना काचेच्या फटीतून बोट दाखवलं होतं, ‘थांबा जरा’ म्हणून. त्या थांबल्या. आम्ही पाच जणही थांबलो. आज्जीसुद्धा.

फोन संपला. बारा भाकरी, तीन पाकिटं झुणका, खरडा वेगळा बांधा.

बारा!

भाकरी म्हणजे पाव नव्हे हो, की फळीवरून काढला आणि पिशवीत घातला. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून ते गरम पाण्यात भिजवायचं, तळहाताच्या टाचेनं रगडून रगडून मळायचं, आणि तेही एका वेळी एक-दोन भाकरींपुरतंच. जास्तीचं मळून ठेवलं तर विरी, म्हणजे पिठाची धरून राहायची ताकद, जाते आणि थापताना कडा फाटतात. प्रत्येक गोळा वेगळा थापायचा. तव्यावर टाकायचा, वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायचा, मग तवा बाजूला सारून आचेवर धरायचा. तेव्हा कुठं ती फुगते. मावशींकडं शेगडी दोन चुलींची. एकीवर झुणका रटरटत असतो, म्हणजे तवा एकच. एका भाकरीला किती घाई केली तरी दोन मिनिटं जातातच. बारा दुणे चोवीस. चोवीस मिनिटं, आणि माझ्याकडं होती वीस! त्यातली सहा तर पिंकीला खरडा चालतोय का ह्याच्यात गेली होती. ज्याला बारा भाकरी पाहिजेत त्यानं अकराला एक फोन टाकावा, मावशींचा नंबर गाड्यावर तेलाच्या डब्यावर रंगवलेला आहे. नाहीतर सरळ घरी करावी. घरात गॅस आहे, पीठ आहे, पप्पा आहेत, ते उठलेत आता.

असो. पथ्यांवर येऊ.

कांदा कितीही महाग असो, दुसऱ्यांदा फुकट मागावा.

खरडा मागताना ‘फार तिखट नको’ म्हणावं.

थापणाऱ्या हातांचं मोबाईलवर चित्रण करावं आणि खाली ‘अस्सल गावरान’ असं लिहावं. हात कुणाचे ते लिहायची गरज नाही.

आरोग्याबाबत सावध असावं. गृहस्थ होतेच. मावशींनी भाकऱ्या पेपरात गुंडाळायला घेतल्या तसे ते आतून ओरडले, ‘ओ, पेपरात नको, शाई पोटात जातीय!’ आणि इथं मला मान्य करावं लागतं, माणूस शंभर टक्के बरोबर बोलला. छापील कागदात खायचं बांधू नका, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१६ मध्येच सांगितलंय, आणि पुढं २०१८ च्या पॅकिंगच्या नियमांत तशी मनाईच केली. मावशींनी मुकाट्यानं पेपर बाजूला ठेवला आणि पांढरा कागद काढला. लगेच गृहस्थ म्हणाले, ‘आणि कॅरीबॅग द्या की एक.’ आता, पातळ कॅरीबॅगवर २०१८ पासूनच राज्यात बंदी आहे. पण हा नियम पोटात जात नाही ना! बंदी मावशींनी मोडायची, पथक आलं की दंड मावशींनी भरायचा, आणि पिशवी आपण घरी जाऊन डस्टबिनला लावायची. मावशी म्हणाल्या, ‘पिशवी न्हाई वो दादा, बंद केल्यात.’ तर आतून उत्तर आलं, ‘मग धंदा कशाला करायलाय?’

हे वाक्य म्हणताना काच मात्र पूर्ण खाली आली होती.

मावशी काही बोलल्या नाहीत. पुढची भाकरी थापली. त्या शाळूतलं कळणाऱ्या बाई आहेत. नवा शाळू उन्हाळ्याच्या तोंडाला आला की जतकडच्या माणसाकडून घेतात, पीठ चिमटीत धरून विरी बघतात, आणि ‘यंदाचा चांगला हाय’ असं दोन-चार जणांना तरी सांगतात. पहाटे चारला दळण घेऊन बसतात, नवाला गाडा लावतात, चारला भांडी घासून घरी. हा धंदा कशाला करायलाय, असं विचारायला माणूस लागतो सहा मिनिटं फोनवर बोलणारा.

पैसे देणं हे शेवटचं पथ्य, आणि हेच खरं कसबाचं काम. रोख जवळ ठेवू नये. गाड्यावर चौकोनी कोड लावलेला असतो, शेजारी बोलणारा डबा असतो. आम्ही पैसे टाकले की तो डबा अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडतो, ‘साठ रुपये प्राप्त झाले.’ गृहस्थांनी हात लांब करून गाडीतूनच कोड टिपला, काहीतरी दाबलं, आणि मोबाईलचा पडदा मावशींना दाखवला. पडद्यावर एक गोल फिरत होता. ‘गेले बघा.’ डबा गप्प. ‘नेट स्लो हाय, येतील दोन मिनिटांत.’ डबा गप्प. मावशींनी डब्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, म्हणून तव्याकडं बघितलं. तेवढ्यात काच वर गेली आणि गाडी पण गेली.

बारा भाकरी वीसप्रमाणे दोनशे चाळीस. तीन पाकिटं चाळीसप्रमाणे एकशेवीस. तीनशे साठ.

दोन मिनिटं झाली, दहा झाली. डबा बोलला तो टँकरवाल्या मामांच्या साठ रुपयांचा.

मी विचारलं, ‘मावशी, आले का वो?’

‘कुठलं वो. नंबर न्हाई काय न्हाई, कुणाला विचारू? तुम्ही बसा, तुमची टाकते.’

बसायला वेळ राहिला नव्हता. एक भाकरी हातात घेतली, वर खरडा थापला आणि खात खात निघालो. मशीनवर अंगठा लागला तो दोन वाजून बराच वेळ गेल्यावर. आमच्याकडं महिन्यात तीन लेट झाले की अर्ध्या दिवसाचा पगार जातो. हा तिसरा.

आणि संध्याकाळी काय बघतो? आमच्या भागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकलाय, शंभर फुटीवरच्या गाड्यांचा. खाली लिहिलंय, ‘फेरीवाल्यांनी रस्ता खाल्ला. महापालिका झोपली आहे का?’ त्याखाली अंगठ्यांची रास. फोटोत मावशींचा गाडा कडेला आहे, चार फुटांचा. आणि त्याच्यापुढं रस्त्यात आडव्या उभ्या तीन चारचाकी. त्यांच्याबद्दल एक अक्षर नाही. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ चा आहे. सर्वेक्षण करा, प्रमाणपत्र द्या, ते होईपर्यंत कुणाला उठवू नका, आणि शहराच्या समितीत किमान चाळीस टक्के माणसं विक्रेत्यांनी त्यांच्यातूनच निवडलेली घ्या, असं त्यात लिहिलंय. रस्त्यात गाडी आडवी लावून भाकरी मागवायचा हक्क कुठल्या कलमात दिलाय, तेवढं कुणीतरी मला ग्रुपवर टाका.

आता पथ्यं-बिथ्यं पुरे.

तुम्ही सांगलीचेच ना? मग २०१९ चा ऑगस्ट आठवत असेल. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावोगावच्या बायकांनी रात्र रात्र जागून भाकऱ्या थापल्या, टेम्पो भरभरून पाठवल्या. पेपरात गुंडाळलेल्या होत्या त्या. कुणाला शाई दिसली नाही. मंगल कार्यालयात, शाळेत, जिथं म्हणून आसरा मिळाला तिथं आपण हात पुढं करून रांगेत उभे होतो, बंगल्यातले पण आणि झोपडीतले पण. ‘मऊ का कडक’ असं कुणी विचारलं नाही, आणि हॉर्न तर कुणीच वाजवला नाही, कारण गाड्या पाण्यात होत्या. तेव्हा जमलं होतं की तुम्हाला! पाणी ओसरलं आणि काच वर गेली.

आणि आम्ही तरी काय केलं? पाच माणसं उभी होतो. मामांचा आवाज टँकरवर चढून हाक मारली तर मिरजेपर्यंत जाईल असला आहे. पोरं इंजिनिअर होणार आहेत. मी रोज दुसऱ्याचे थकलेले हप्ते फोन करून मागतो, तोच माझा पगार. एकानंही ‘ओ साहेब, थांबा, पैसे आले नाहीत’ एवढं म्हटलं नाही. गाडीपुढं उभं राहायला दोन पावलं लागली असती. मी भाकरीकडं बघत राहिलो, माझा नंबर जाऊ नये म्हणून.

तर तू. हो, तूच, पांढऱ्या गाडीतला. हे फिरत फिरत तुझ्यापर्यंत येईलच, तुझ्या बायकोच्या नाहीतर पिंकीच्या मोबाईलवर. बँकेचा मेसेज उघडून बघ, तीनशे साठ कटलेत का? नाही कटले. तुला माहीत आहे नाही कटले, म्हणून तर काच इतक्या लवकर वर घेतलीस. मावशी अजून तिथंच आहेत, नऊ ते चार. त्या मागणार नाहीत, म्हणून मी मागतोय. रोख आण. गाडी लांब लाव आणि चालत ये. टँकरवाल्या मामांच्या मागं नंबर लाव.