तारू सापडलं, चाकं सापडली आणि नासाचा हरवलेला दिवस

मिरजेच्या माझ्या मावशीने गेल्या महिन्यात एक माहितीपट पाहिला. बायबलमधल्या गोष्टी विज्ञानाच्या आणि इतिहासाच्या कसोटीवर घासून बघणारा, हिंदीत डब केलेला. संपल्या संपल्या तिने त्याची लिंक आम्हा सगळ्यांना पाठवली आणि सोबत चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर फिरणारा मजकूरही जोडला: "शास्त्रज्ञांनी अखेर मान्य केलं! नोहाचं तारू तुर्कस्तानात सापडलं. तांबड्या समुद्राच्या तळाशी फारोच्या रथांची चाकं मिळाली. यरीहोचा पडलेला कोट खणून काढला. नासाच्या कॉम्प्युटरला यहोशवाचा हरवलेला दिवस सापडला. पवित्र शास्त्राचा शब्द न् शब्द सिद्ध झाला आहे. दहा जणांना पाठवा."

तोच माहितीपट सांगलीतल्या माझ्या एका मित्रानेही पाहिला. त्याचा निरोप एका ओळीचा: "सगळं थोतांड आहे हे आता यांनीच दाखवलं."

मी तो दोनदा पाहिला. निवेदक बिचारा दर चार वाक्यांमागे 'कदाचित' म्हणतो, 'काही अभ्यासकांच्या मते' म्हणतो. मजकुरात यातलं एकही 'कदाचित' उरलेलं नाही. मी स्वतः त्याच मंडळीतला, रविवारी उपासनेला बसणारा. तेव्हा बाहेरच्याने नाक खुपसलं असं कोणी म्हणू नये. शाळेत भूगोल शिकवण्यात तीस वर्षं गेली, ती खोड मात्र जात नाही.

सुरुवात तारवापासून, म्हणजे जलप्रलयातून वाचण्यासाठी नोहाने बांधलेल्या नावेपासून. जे दाखवतात ती पूर्व तुर्कस्तानातली, डोगुबायझितजवळची जागा. 1959 साली लष्करी कप्तान इल्हान दुरुपिनार यांना विमानातून काढलेल्या फोटोत नावेच्या आकाराचा उंचवटा दिसला, लांबी साधारण 160 मीटर. बघायला खरंच नाव वाटते, मलाही वाटली. पण तो चिखलाच्या लोंढ्याने घडवलेला साधा भूरूपाचा नमुना आहे. त्याला गंमतशीर साक्षीदारही आहे. डेव्हिड फासोल्ड नावाचा माणूस एकेकाळी हेच तारू म्हणून जगाला सांगत फिरत होता. त्यानेच 1996 साली एका भूशास्त्रज्ञासोबत लेख लिहून हे तारू नव्हे असं मांडलं. मजकूर लिहिणाऱ्यापर्यंत ते अजून पोचलेलं दिसत नाही. आणि लांबी 'तंतोतंत जुळते' म्हणतात तीसुद्धा बायबलमधल्या 300 हातांतला 'हात' इजिप्तच्या राजाचा धरला तर. साधा हात धरला की तारू वीसेक मीटरने आखूड होतं. शिवाय तारू जिथे टेकलं त्या जागेसाठी मूळ हिब्रूत 'अरारातचे पर्वत' असं अनेकवचन आहे. तो एक सबंध डोंगराळ मुलूख, एक शिखर नव्हे.

आता जलप्रलय. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण पूर म्हणजे काय हे आम्हा सांगलीकरांना माहितीपट बघून शिकावं लागत नाही. लिओनार्ड वूली 1929 साली इराकमध्ये उर इथे खणत होता. खाली खाली जाताना भांड्यांचे तुकडे संपले आणि आठ फुटांहून जाड, स्वच्छ, नुसत्या गाळाचा थर लागला. त्याखाली पुन्हा वस्तीच्या खुणा. हा काय प्रकार असावा म्हणून त्याने पत्नीला विचारलं तेव्हा ती सहज म्हणाली, हा तर जलप्रलयच. वर्तमानपत्रांनी मग बाकीचं काम केलं. मजकुरात याचा उल्लेख नाही, पण माहितीपटातल्या या तुकड्यावर मावशी खुर्चीतून उठली होती म्हणे.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 45. आमच्या गावभागातल्या घरात पाणी कमरेच्या वर होतं. ओसरल्यावर फरशीवर चार बोटं गाळ, तांबूस काळा, साबणासारखा बुळबुळीत, आणि भिंतीवर एक सरळ रेघ. दोनदा रंग दिला, पावसाळ्यात ती रेघ अजून उमटते. उद्या कोणी आमचं घर खणलं तर त्याला तो थर सापडेल आणि तो खरा पूर असेल. पण त्याच महिन्यात आमच्याच जिल्ह्यात, जतला टँकर चालू होते! जतमध्ये खणणाऱ्याला काय सापडणार?

उरचंही तसंच. तिथून जवळच एरिडू हे जुनं शहर आहे, तिथे तसा थर नाही. शुरुप्पाक आणि किश या तिकडच्याच शहरांत पुराचे थर आहेत, पण त्यांचे काळ उरच्या थराशी जुळत नाहीत. म्हणजे तैग्रिस आणि युफ्रेटिस या दोन नद्यांच्या सपाट मुलुखात मोठे पूर आले, अनेकदा आले, आणि ज्याच्या दारात आला त्याला सगळं जग बुडाल्यासारखं वाटलं. आम्हालाही वाटलं होतं. सगळी पृथ्वी बुडवायची तर हिशेब बसत नाही. जगातला सगळा बर्फ वितळला तरी समुद्र 65 ते 70 मीटर चढेल, आणि अरारात आहे 5137 मीटर.

मित्र इथे टाळ्या वाजवेल, म्हणून त्याच्यासाठी पुढचं. ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथने, जो मुळात नोटांच्या छपाईचे ठसे कोरणारा कारागीर, 1872 साली इराकमधल्या निनवेहून आलेली एक मातीची पाटी वाचली. तीत देव पूर पाठवतात, एक माणूस नाव बांधतो, नाव डोंगराला टेकते, तो पक्षी सोडून बघतो. मित्र म्हणतो, बघ, चोरलेली गोष्ट. अरे, ओवी एका जात्यावरून दुसऱ्या जात्यावर गेली की तिला कोणी चोरी म्हणत नाही. त्या मुलुखात ही आठवण सगळ्यांची होती. बघायचं ते हे की कोणी तिचं काय केलं. बाबेलच्या जुन्या कथेत माणसांच्या गोंगाटाने देवाची झोप मोडते म्हणून पूर येतो, बायबलच्या उत्पत्ती पुस्तकात तो माणसांच्या दुष्टाईमुळे येतो. हा फरक कुठल्याही गाळाच्या थरात सापडायचा नाही.

रथांची चाकं लवकर आटपतात. मोशेच्या लोकांसाठी समुद्र दुभंगला आणि पाठलाग करणारे फारोचे, म्हणजे इजिप्तच्या राजाचे, रथ त्यात बुडाले, ही ती गोष्ट. रॉन वायट हा अमेरिकेतला, शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्याचं काम करणारा गृहस्थ. त्याने 1978 पासून तांबड्या समुद्राच्या अकाबा आखातात पोहून आपल्याला चाकं दिसल्याचं सांगितलं. तपासता येईल असं एकही चाक त्याने कधी वर आणलं नाही. याच माणसाला तारूही सापडलं होतं आणि दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेला कराराचा कोशही. एका माणसाला इतकं सगळं सापडू लागलं की आपल्या बाजारात गिऱ्हाईक पाकीट सांभाळतं.

माहितीपटात याच प्रसंगावर एक खरा अभ्यास आहे. 2010 साली कार्ल ड्र्यूज आणि वेइचिंग हान यांनी कॉम्प्युटरवर मांडून दाखवलं की ताशी 100 किलोमीटरचा पूर्वेचा वारा बारा तास वाहिला तर नाईलच्या त्रिभुज प्रदेशातलं उथळ पाणी बाजूला सरून चारेक तास चिखलाची वाट उघडी पडू शकते. बायबलच्या निर्गम पुस्तकात रात्रभर वाहणारा पूर्वेचा वारा आहेच, आणि हिब्रूतला 'याम सूफ' म्हणजे लव्हाळ्यांचा समुद्र, हेही तिथे जमतं. पण 'होऊ शकतं' म्हणजे 'झालं' नव्हे, आणि हे दोघेही तसं म्हणत नाहीत. आमच्या ग्रुपवर मात्र एकाच संध्याकाळी वाराही सिद्ध झाला आणि चाकंही. या दोन जागांमध्ये अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास! आयर्विन पुलावरून पडलेली सायकल नाशकात गोदावरीत सापडावी तसं.

यरीहो म्हणजे यहोशवाच्या लोकांच्या आरोळीने ज्याचा कोट, म्हणजे तट, पडला असं बायबल सांगतं ते शहर. तो कोट खणून काढला, हे खरं आहे. जॉन गारस्टँगने 1930 च्या दशकात पडलेल्या भिंती काढल्या आणि त्या यहोशवाच्या काळच्या, इ.स.पू. 1400 च्या सुमाराच्या आहेत असं सांगितलं. मजकूर इथे थांबतो. पण 1952 ते 1958 मध्ये कॅथलीन केन्यनने तिथेच, जास्त काटेकोर पद्धतीने, थर मोजत खणलं. त्या भिंती गारस्टँग म्हणतो त्याच्या हजारेक वर्षं आधीच्या निघाल्या. शहराचा मोठा विध्वंस इ.स.पू. 1550 च्या सुमाराचा, आणि त्यानंतर बराच काळ तिथे तटबंदीचं शहरच नाही. पुढे 1995 मध्ये तिथल्या जळालेल्या धान्याचं कार्बन मोजलं तेही केन्यनच्या बाजूने गेलं. धान्यच का? तुळई शंभर वर्षं जुन्या झाडाची असू शकते, दाणा त्याच हंगामाचा असतो. मला हे फार आवडतं. कोठीतल्या धान्याच्या दाण्याने तटाचा वाद निकालात काढायला मदत केली.

नासाचं नाव आपल्याकडे सगळ्यांच्याच कामी येतं. सूर्यातून ॐ ऐकू येतो त्यालाही तीच साक्षीदार. हरवलेल्या दिवसाची गोष्ट हॅरोल्ड हिल नावाच्या अमेरिकन गृहस्थाने पसरवली: यहोशवाच्या प्रार्थनेने सूर्य थांबला ते 23 तास 20 मिनिटं, अधिक यहूदाचा राजा हिज्कीया याच्या वेळी सावली मागे गेली ती 40 मिनिटं, झाला पुरा दिवस. नासाने हे केव्हाच नाकारलं आहे. पण नासाला विचारायचीही गरज नाही. बंद घरातलं घड्याळ मध्येच थांबून पुन्हा चालू झालं तर ते किती वेळ थांबलं होतं हे कळायला दुसरं घड्याळ लागतं. ते दुसरं घड्याळ कुठून आणणार? आणि या 40 मिनिटांचा हिशेब टॉटन नावाच्या माणसाने 1890 सालीच मांडलेला आहे. नासा स्थापन झाली 1958 साली.

देवाने आगीने नष्ट केलं असं बायबल सांगतं त्या सदोम शहरावर आकाशातून उल्का फुटल्याचा निबंध 2021 मध्ये आला तेव्हा ग्रुपवर आठवडाभर तेच चाललं होतं. 2025 मध्ये त्या नियतकालिकाने तो मागे घेतला. ग्रुपवर शुकशुकाट.

मग मावशीला काही खरं दाखवायचंच नाही का? दाखवायला भरपूर आहे, फक्त मजकुरात त्यातलं काही नाही. इ.स.पू. 1208 च्या सुमाराच्या, इजिप्तचा राजा मर्नेप्ताहच्या शिलालेखात 'इस्राएल' हे नाव आहे. 1993 मध्ये इस्राएलमधल्या तेल दान इथे 'दावीदाचं घराणं' असे शब्द कोरलेला दगड मिळाला. 1961 मध्ये कैसरियात, येशूला मृत्युदंड देणाऱ्या पिलाताच्या नावाचा दगड मिळाला. अश्शूरचा राजा सन्हेरीब स्वतःच्या मातीच्या लेखात फुशारकी मारतो की हिज्कीयाला मी पिंजऱ्यातल्या पाखरासारखा कोंडला. यरुशलेम घेतलं असं मात्र तोही म्हणत नाही. थोतांड म्हणणाऱ्या मित्राने हे चार लेख आधी बाजूला करून दाखवावेत.

पण मी मावशीला सांगितला तो बोगदा. वेढ्याच्या वेळी पाणी गावात राहावं म्हणून हिज्कीयाने यरुशलेमच्या खालून खडक फोडून नेलेलं पाणी, 533 मीटर. दुसऱ्या राजे पुस्तकात त्याचा एका ओळीत उल्लेख आहे. 1880 साली आतल्या भिंतीवर कोरलेला लेख सापडला. त्यात परमेश्वराचं नाव नाही, राजाचंही नाही. दोन टोकांकडून दोन टोळ्या टिकाव मारत आल्या, आणि तीन हात खडक उरला असताना पलीकडून हाक मारणाऱ्या माणसाचा आवाज ऐकू आला, असं त्यात लिहिलं आहे. आपल्याकडे विहिरीत आडवं बोअर मारणाऱ्यांनाही कळेल अशी गोष्ट.

मावशीने विचारलं, "तीन हात म्हणजे केवढं रे?" मग स्वतःच उठली. स्वयंपाकघराच्या दारापासून कोपर भिंतीला टेकवत, मधल्या बोटापाशी खूण धरत, एक, दोन, तीन. फ्रिजच्या अलीकडे थांबली.

"एवढ्यावरून ऐकू यायचंच की," म्हणाली.