बर्लिनमधली विद्यार्थीदशा खोलीत बसून काढू नका

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण ऑक्टोबरमध्ये नवी मुलं यायच्या आत हे लिहायचंच होतं.

दरवर्षी हिवाळी सत्राला पुण्याहून, नाशिकहून, सांगली-सोलापूरकडून मुलंमुली इथे शिकायला येतात. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्या-खाण्याच्या खर्चासाठी आधीच अडकवून ठेवलेल्या बँक खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२. मागे घरच्यांनी काढलेलं कर्ज असतं, आणि त्या कर्जाची जाणीव मुलांना असते, ही फार चांगली गोष्ट आहे. पण त्यातली कितीतरी मुलं दोन-दोन वर्षं विद्यापीठ, पार्ट-टाइम काम आणि खोली एवढ्यातच काढतात. रविवारी काय करता म्हणून विचारलं, तर झोपतो आणि आठवड्याचा स्वयंपाक करून ठेवतो. "ताई, आधी नोकरी लागू दे, मग बघू बर्लिन."

मला हे अजिबात पटत नाही. नोकरी लागली की पैसा येतो आणि वेळ जातो. आणि बर्लिनमध्ये जे सगळ्यात चांगलं आहे त्याला वेळ लागतो, पैसा फारसा लागत नाही. खिशात कमी आणि हातात वेळ, अशा माणसासाठी युरोपातल्या मोठ्या शहरांत याच्याइतकं मोकळं शहर क्वचितच असेल.

पहिलं म्हणजे तो शंभरचा पाढा सोडा. चार युरोंची कॉफी म्हणजे चारशे रुपये, असं मनात आलं की घास घशाखाली उतरत नाही. तुम्ही इथे कमावता तेव्हा इथल्याच हिशोबात मोजा. २०२५ मध्ये जर्मनीतलं किमान वेतन तासाला १२.८२ युरो होतं, जानेवारी २०२६ पासून १३.९० झालं. एखादी गोष्ट घ्यावी की नाही हे ठरवताना ती किती तासांच्या कामाची आहे ते बघा. मग कॉफी परवडते की नाही हे खरंखुरं कळतं, आणि कधीकधी नाही परवडत, तेही कळतं. रुपयांतला हिशोब कर्जाचा हप्ता पाठवायच्या दिवशी करा, रोज नको.

भाड्याबद्दल खोटा धीर देणार नाही. घर मिळणं हे इथलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महागडं काम आहे. शहराच्या मध्यभागाचा हट्ट धरू नका. लिश्टेनबेर्ग, मार्त्सान, श्पांडाऊ इथे शेअरिंगमध्ये खोली बघा आणि अनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, होणार का ते आधी विचारा. रेडिओ-टीव्हीची सक्तीची फी घरामागे असते, माणसामागे नाही. महिन्याचे ते १८.३६ युरो सगळ्यांनी वाटून घ्या. प्रवासाचं तिकीट मात्र वाचवायला जाऊ नका, विनातिकीट सापडलात तर साठ युरो दंड आहे. विद्यार्थ्यांना सवलतीचा पास मिळतो. नोकरी करणाऱ्यांसाठी डॉइचलांडटिकेट आहे. २०२३ मध्ये महिन्याला ४९ युरोंना सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ आणि २०२६ मध्ये ६३ झालं, तरी देशभरातल्या बस, ट्राम, मेट्रो आणि साध्या रेल्वेगाड्या त्यात येतात. एकदा तो पास खिशात आला की शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला वेगळा छदामही लागत नाही. १०० नंबरच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढे बसा. झूपासून अलेक्झांडरप्लात्सपर्यंत विजयस्तंभ, राष्ट्रपतींचा बेलव्यू राजवाडा, उंटर डेन लिंडेन, सगळं काचेतून समोर येतं. पर्यटकांच्या बसला पैसे देण्याची काहीच गरज नाही.

आता खाण्याचं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथेच मुलं सगळ्यात जास्त हाल करून घेतात. पिशवीतलं रेडीमेड राजमा-चावल आणि फ्रोझन पराठे हे महागही पडतं आणि जिभेला समाधानही देत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी नॉयकोल्नला कालव्याच्या काठी, माईबाखउफरला तुर्की बाजार भरतो. संध्याकाळी आवराआवरीच्या सुमाराला जा. विक्रेते ओरडून ओरडून भाव उतरवत असतात, पेटीभर टोमॅटो किंवा आंबे युरो-दोन युरोंत देऊन टाकतात. वांगी, भेंडी, कोथिंबिरीच्या भल्या मोठ्या जुड्या तिथे असतात. आणि शेपू! जर्मन माणूस डिल म्हणजे माशावर भुरभुरायची पानं समजतो, एका वेळी चिमूटभर घेतो. तुम्ही दोन जुड्या घ्या, मुगाची डाळ भिजवा, लसूण जरा सढळ हाताने घाला. वास आपल्या शेपूइतका उग्र नसतो, पण भाकरीबरोबर पहिला घास घेतलात की घर आठवेल. नवलकोल तर इथे कुठल्याही सुपरमार्केटात मिळतो, कोवळा आणि स्वस्त, वर पाल्यासकट. दुकानात लोक तो पाला मोडून तिथल्याच खोक्यात टाकून जातात. कोवळा असेल तर त्याचीही भाजी होते.

पाडव्याला श्रीखंडासाठी भारतीय दुकानात जाऊन डबा आणू नका. चाळीस टक्के फॅटचा क्वार्क, म्हणजे इथला चक्काच, घ्या, कुठल्याही स्वस्त दुकानात मिळतो. मुळातच पाणी काढलेला असतो, तरी स्वच्छ पंचात बांधून तीन-चार तास टांगा, म्हणजे तोही ओलावा जातो. पिठीसाखर, वेलची, दुधात खललेलं केशर. चाळणीतून एकदा घासून काढलं की इतका मऊ होतो की पुण्यातल्या पाहुण्यालाही पुन्हा घ्यावंसं वाटेल. दोन-तीन डबे आणले तर सहा-सात जणांची पंगत होते. सण एकट्याने खोलीत व्हिडिओ कॉलवर साजरा करू नका, एवढं माझं ऐका.

ज्यांना रोज स्वयंपाक जमत नाही त्यांनी मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, जेवावं, विद्यार्थ्यांना तिथे बाहेरच्यापेक्षा खूपच स्वस्त पडतं. शाकाहारी मुलांचे आईवडील हमखास काळजी करतात, त्यांना सांगा की जर्मनीतली पहिली पूर्ण शाकाहारी मेन्झा २०१० मध्ये बर्लिनच्याच फ्राय विद्यापीठात सुरू झाली.

त्याच विद्यापीठाच्या परिसरात, दाहलेममध्ये, इनेश्ट्रासे २२ ही इमारत आहे. तिथे पूर्वी कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था होती. आपल्या इरावतीबाई कर्वे १९२०च्या दशकाच्या शेवटी तिथे पीएचडी करत होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑइगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धांताचे मोठे पुरस्कर्ते. विशीतल्या या मराठी मुलीने कवट्या मोजल्या आणि मोजमापं गुरूच्या कल्पनेला आधार देत नाहीत, हे त्याच गुरूपुढे मांडलं. दारापाशी त्या संस्थेच्या काळ्या इतिहासाचा फलक आहे. इथे शिकणाऱ्या प्रत्येक मराठी मुलीने एकदा तरी तिथे जाऊन उभं राहावं असं मला फार वाटतं. प्राध्यापकासमोर बोलताना धीर लागतो, तो तिथे मिळतो.

तिथून ऊ-तीन मेट्रो पकडली की शेवटचं स्टेशन क्रुमे लांके. थोडं चालायचं की त्याच नावाचं तळं, आणि पलीकडे श्लाख्टनझे हे दुसरं. पाणी स्वच्छ, काठाने पायवाट, उन्हाळ्यात अख्खं शहर पोहायला. तिकीट नाही, कुंपण नाही, कुणी हटकत नाही. हे आपोआप झालेलं नाही. १९१५ साली ऐन महायुद्धात बर्लिन आणि आजूबाजूच्या गावांनी मिळून प्रशियाच्या सरकारकडून सुमारे दहा हजार हेक्टर जंगल विकत घेतलं, या तळ्यांभोवतीचं ग्रुनेवाल्ड त्यातलंच. ते विकायचं नाही आणि त्यावर बांधकाम करायचं नाही, हा करार. जमिनीचे भाव तेव्हाही गगनाला भिडत होते, बिल्डर तेव्हाही होते. तरी शहराने पैसे मोजून सावली विकत घेतली, आणि शंभरहून अधिक वर्षांनी सांगलीहून आलेला विद्यार्थी तिथे फुकट पोहतो. आमच्या पुण्यातल्या टेकड्यांचं काय चाललंय ते आठवून माझ्या पोटात तुटतं.

टेम्पेलहोफच्या जुन्या विमानतळाचंही तेच. १९४८-४९ मध्ये वेढा पडलेल्या पश्चिम बर्लिनला याच विमानतळावरून धान्य आणि कोळसा पोचला. २००८ मध्ये विमानतळ बंद झाला, २०१० मध्ये लोकांसाठी उघडला. २०१४ मध्ये सार्वमत झालं आणि बर्लिनकरांनी ठणकावून सांगितलं की इथे बांधायचं नाही. घरांची इतकी टंचाई असताना एवढी जागा मोकळी का ठेवायची, असा वाद अजून चालतो. भाड्याचे चटके मलाही बसतात, तरी माझं मत मोकळं ठेवण्याच्याच बाजूचं आहे. धावपट्टीवर सायकल घेऊन जा. विमान उडायचं तिथे दोन्ही बाजूंना गवत, वर अडथळा नसलेलं आभाळ, कुणी पतंग उडवतंय, कुठलंतरी तुर्की कुटुंब ठरवून दिलेल्या जागी शेगडी पेटवून कणसं भाजतंय. संक्रांतीला थंडी कडक असते, पण पतंगासाठी याहून चांगलं मैदान मी पाहिलेलं नाही.

संगीताची आवड असेल, किंवा नसेल तरी, बुधवारी दुपारी एक वाजता फिलहार्मोनी या संगीतसभागृहात जा. सप्टेंबर ते जून या काळात तिथल्या फॉयरमध्ये विनामूल्य दुपारची मैफल असते. हान्स शारूनने बांधलेली १९६३ची ती इमारत आतून पाहणं हाच एक अनुभव आहे. जरा लवकर पोचा. जिन्याच्या पायऱ्यांवर माणसं बसलेली असतात, आजीबाई, ऑफिसच्या सुट्टीत आलेले, कडेवर बाळ घेतलेल्या आया. व्हायोलिन सुरू झालं की बाळंसुद्धा गप्प होतात. पाश्चात्त्य संगीतातलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. कान तयार व्हायला वेळ लागला, पण तो तिथेच तयार झाला.

ऐन हिवाळ्यात चारच्या आत सूर्य मावळतो आणि मन खचतं, हे खरं आहे. त्यासाठी वाचनालयाचं कार्ड काढा, वर्षाचे दहा युरो. हालेशेस टोरजवळच्या अमेरिका स्मारक वाचनालयात जाऊन बसा. ऊब, उजेड आणि आजूबाजूला माणसं, डिसेंबरात याचं मोल फार आहे. बेर्नाउअर श्ट्रासेचं बर्लिनच्या भिंतीचं स्मारक आणि नाझी दहशतीचा इतिहास सांगणारं टोपोग्राफी ऑफ टेरर या दोन्ही ठिकाणी प्रवेश विनामूल्य आहे. राइश्टाग या संसद भवनाच्या काचेच्या घुमटावरही आगाऊ नाव नोंदवलं की पैसे न देता जाता येतं.

काही जण म्हणतील, त्यापेक्षा स्वस्तातली विमानं पकडून दर सुट्टीत एक देश बघावा. बघा की, पण आधी ज्या शहरात राहता तिथल्या चार गल्ल्या ओळखीच्या होऊ द्या. प्रागचा फोटो सगळ्यांकडे असतो. आपल्या गल्लीतल्या तुर्की दुकानदाराने "आज कोथिंबीर ताजी आहे" म्हणून हाक मारणं, हे महिनोन्महिने तिथे राहिल्यावरच मिळतं.

आणि एक गंभीर गोष्ट. २०२१ पासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी इथल्या अनेक संग्रहालयांत विनामूल्य प्रवेश असायचा. २०२४ च्या शेवटी तो बंद झाला, कारण शहराने संस्कृतीच्या अंदाजपत्रकाला मोठी कात्री लावली. म्हणजे ही जी मोकळीक आहे ती कायमची लिहून दिलेली नाही. आपल्याला इथे मत देता येत नाही, पण वाचनालयाच्या कार्डांची संख्या मोजली जाते, मैफलीला किती माणसं येतात ते दिसतं. आपण कर भरतो, वस्तू घेताना तर रोजच भरतो. तेव्हा संकोच नको. हे आपलंही आहे असं समजून वापरा.

आईवडिलांना एक विनंती. फोनवर "पैसे जपून वापर" म्हणता तेव्हा त्याच फोनवर "या रविवारी कुठे गेला होतास?" हेही विचारा. मुलं तुमच्यासाठीच स्वतःला कोंडून घेतात.

येणाऱ्यांनी सामानात प्रेशर कुकर, मिसळणाचा डबा आणि एक पंचा आणा. बाकी पातेली, ताटल्या, टेबल-खुर्च्या विकत घेण्याआधी महिनाभर थांबा. इथे घर बदलताना लोक चांगल्या वस्तू "भेट" अशी चिठ्ठी लावून दारात ठेवतात. ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी मी माईबाखउफरला असेन, श्योनलाइनश्ट्रासे स्टेशनच्या बाहेर साडेचारला. नव्या मुलांना बाजार दाखवते. पिशव्या आपापल्या आणा.