पेरणीचा निर्णय आणि अनिश्चितता

पुरेशी माहिती हाती येईपर्यंत निर्णय पुढे ढकलावा, हे मत कोरडवाहू शेतीला लागू पडत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, हा कृषी विभागाचा सल्ला योग्यच आहे. परंतु त्यानंतरही पावसाने ओढ दिली तर दुबार पेरणी ओढवते आणि वाट पाहण्यात जुलैचा मध्य उलटला तर उत्पादन घटते. पाऊस आपल्या हातात नसतो, बियाण्याची तयारी मात्र असते. म्हणूनच माझे वडील मृगाआधी घरच्या बियाण्यातले १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवत, आठवड्याने कोंब स्वतः मोजत आणि ७० पेक्षा कमी भरले तर एकरी बियाणे वाढवत. शिवाय सोयाबीनच्या मध्ये तुरीच्या ओळी असतच. ऑगस्टमधल्या पावसाच्या खंडात सोयाबीन गेले, तरी तूर बहुधा हाती लागे.