उभा मासा

काल संध्याकाळी वागळे इस्टेटमधून एक ॲक्रिलिकची टाकी घेऊन घरी आलो. आठ इंच उंच, पाच इंच रुंद आणि आतून पुरती एक इंच. कागदावर काढून दिली होती तंतोतंत तशी. फक्त तळापासून इंचभर वर तिला एक भोक आहे आणि भोकात निळा रबरी वायसर. हे भोक मी काढून दिलं नव्हतं. ते माशाला हवा मिळावी म्हणून आहे. माझ्याकडे मासा नाही. कधी नव्हता. पुढे यायची चिन्हंही नाहीत.

टाकी मग कशाला, हा प्रश्न तुमच्याही ओठांवर आला असेल. गेले आठ महिने हा एकच प्रश्न ऐकतोय, तेव्हा सांगून मोकळा होतो. मी ओल्या काचेवर फोटो काढतो. म्हणजे काढणार आहे. काचेवर कलोडियन नावाचा पाकासारखा द्रव ओतायचा, काच चहूबाजूंनी झुलवून तो पसरवायचा, उरलेला कोपऱ्यातून परत बाटलीत. मग ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात तीनेक मिनिटं बुडवून ठेवायची, अंधारात बाहेर काढायची, ओली आहे तोवर कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुवायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. फ्रेडरिक स्कॉट आर्चर नावाच्या एका इंग्रज मूर्तिकाराने 1851 साली ही कृती छापून जगाला फुकट देऊन टाकली, पेटंटबिटंट काही घेतलं नाही, आणि 1857 साली बिचारा कफल्लक अवस्थेत वारला. ठाण्याला पहिली आगगाडी आली ती 1853 साली. म्हणजे माझा छंद ठाणे स्टेशनापेक्षा दोन वर्षांनी थोरला आहे. त्याच्यापायी घरात पाय ठेवायला जागा उरलेली नाही, हे मात्र स्टेशनासारखंच.

याचं सामान दुकानात मिळत नाही. परदेशातून मागवावं तर बोटीचं भाडं आणि कस्टम मिळून आकडा असा होतो की बायकोला तो तुकड्यातुकड्यांत सांगावा लागतो. म्हणून सगळं घरी. कॅमेऱ्याची पेटी प्लायवूडची. भाता छत्रीच्या काळ्या कापडाचा, आतून ड्रॉइंग पेपरच्या पट्ट्या चिकटवून. मागची दुधी काच मी स्वतः कार्बोरंडमची पावडर आणि पाणी घालून दुसऱ्या काचेवर घासून केली, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर येऊन म्हणाल्या, "मिक्सर बिघडला असेल तर आमचा न्या, पण हे थांबवा." काच ठेवायची चौकट सागाची आहे. तिला लाखेच्या पॉलिशचे चार हात दिले, कारण चांदीचं पाणी कोपऱ्यात झिरपलं की लाकूड खातं.

सगळ्यात मोठा उद्योग काळ्या खोक्याचा. पुढून दोन बाह्या, त्यातून हात आत घालायचे आणि वरच्या लाल खिडकीतून आत बघायचं. कलोडियनला लाल उजेड कळतच नाही, त्याला फक्त निळा आणि त्यापलीकडचा समजतो. म्हणून लाल ॲक्रिलिकचा तुकडा लावला की भागतं. बाह्या शिवायला शिंप्याकडे गेलो. "नुसत्या बाह्या?" "हो." "शर्ट कुठाय?" "शर्ट नाहीये." त्याने चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाला, "साहेब, आधी शर्ट घ्या." शेवटी मी त्याला कापड धरून शर्टच शिवायला सांगितला आणि घरी येऊन बाह्या कापल्या. बिनबाह्यांचा काळा शर्ट अजून कपाटात आहे. कुणाला हवा असल्यास सांगा.

सॅम्युअल बॉर्न नावाचा एक इंग्रज 1860च्या दशकात हा असा संसार घेऊन हिमालयात गेला होता आणि 18,000 फुटांहून वर त्याने काचा ओल्या करून फोटो काढले. थंडीने बोटं वाकत नव्हती, पण त्याच्यासोबत हमालांची पलटण होती. मला पाचपाखाडीतल्या तिसऱ्या मजल्यावर एक टाकी मिळेना.

टाकी लागते चांदीच्या पाण्यासाठी. सुरुवातीला मी प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये काम भागवत होतो. काच आत टाकली की थोडं पाणी बोटांवर येतंच, आणि सिल्व्हर नायट्रेट कातडीला लागून उजेड पडला की ते काळं. साबण, लिंबू, बेसन, कशाने जात नाही. 1962च्या निवडणुकीपासून मतदारांच्या बोटाला लावतात त्या शाईतही हेच असतं. फरक इतकाच की त्यांच्या एका बोटाला असतं आणि माझ्या दहा. मग काचेच्या पट्ट्या सिलिकॉनने जोडून उभी टाकी केली. ती रात्रीत गळली. 600 मिलिलिटर पाण्यात 54 ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे हिशेबाने 34 ग्रॅम चांदी, ओट्याखालच्या पांढऱ्या टाइल्सवर. सकाळी तिथे काळाकुट्ट नकाशा. बायको नकाशाबद्दल काही बोलली नाही. "34 ग्रॅम म्हणजे पैंजणांचा एक जोड," एवढंच म्हणाली आणि चहा टाकायला गेली. चहा एकच कप टाकला.

तर वागळे इस्टेट. रोड नंबर 22च्या आसपास एक दुकान आहे, तिथे ॲक्रिलिकच्या पाट्या, ट्रॉफ्या, मोबाइलचे स्टँड वगैरे करतात. लेझरने कापतात आणि इंजेक्शनच्या सिरिंजने सांध्यात क्लोरोफॉर्म सोडतात. दोन मिनिटांत जोड असा बसतो की दिसत नाही. मी कागद पुढे केला.

"पेनस्टँड?" मालक म्हणाला.

"टाकी आहे."

"कशाची?"

इथे माझी चूक झाली. मी "पाण्याची" म्हणालो. खरं सांगायचं धाडस नव्हतं, कारण मागे एकदा काचवाल्याकडे "केमिकल" म्हणालो तेव्हा त्याने माझं आधार कार्ड मागितलं होतं.

दुकानात बाकावर एक काका बसले होते. दारावरच्या पाटीत त्यांच्या 'निवृत्त'चा 'निवृत' झाला होता आणि ती पुन्हा कापून मिळेपर्यंत ते हलणार नव्हते. म्हणजे त्यांच्याकडे वेळही होता आणि रागही. दोन्ही माझ्यावर खर्च झाले.

"हात बघू," काका म्हणाले.

मी हात खिशात घालेपर्यंत उशीर झाला होता.

"पाचही बोटांना शाई? कुठल्या वॉर्डात असता तुम्ही?"

"शाई नाही काका, सिल्व्हर नायट्रेट आहे. म्हणजे, शाईत तेच असतं..."

"मग शाईच की. बरं, टाकी कशाला?"

"काच बुडवायला."

"काच बुडवतात? काच पुसतात. ओला पेपर घ्यायचा."

"पुसायची नाही, फोटो काढायचाय."

"काचेचा?"

"काचेवर."

"पाण्यात?"

"आधी पाण्यात. मग बाहेर."

काका थोडा वेळ गप्प बसले. मग अगदी मायेने विचारलं, "मोबाइल आहे ना तुमच्याकडे?" आहे म्हणालो. "कॅमेरा चालतो त्याचा?" चालतो म्हणालो. काकांनी मालकाकडे पाहिलं. मालकाने काकांकडे. आपल्याबद्दल दोन अनोळखी माणसांचं एकमत होताना बघणं फार वाईट.

काका बाकावर सरकले आणि शेजारची जागा थोपटून मला बसवलं. आवाज खाली आणला.

"फायटर ना?"

"काय?"

"फायटर मासा. घरात माहीत नाहीये, बरोबर? लाजू नका. मीही सहा महिने ऑफिसात ठेवला होता. हिला पत्ता नव्हता. चांगली गोष्ट रचलीत, काचेवर फोटो, वा! पण मला नका सांगू."

मासा नाही, असं मी तीनदा सांगितलं. दर वेळी ते समजूतदारपणे मान हलवत. खोटा आरोप खोडून काढता येतो. सहानुभूती कशी खोडणार?

आता मालकालाही रस वाटू लागला. "पण इंचभर जागेत मासा वळणार कसा?"

"वळायचं कशाला? उभा राहील."

"मासा उभा?"

"फायटर राहतो," काका ठामपणे म्हणाले. "आमचा तासन्‌तास उभा असायचा. बसची वाट बघत असल्यासारखा. आणि एकेकट्यालाच ठेवावं लागतं त्यांना, दोन नर एकत्र आले की फाडतात. यांनी जागा बरोबर मोजलीय. यांचा अभ्यास आहे."

आठ महिन्यांत माझ्या अभ्यासाची पहिली तारीफ झाली ती अशी.

मग त्यांनी माझा कागद उचलला, लांब धरला आणि मोठ्याने वाचू लागले. "'वरून काळं झाकण. उजेड आत जाता कामा नये.' अहो!" चेहरा पडला त्यांचा. "मुका जीव आहे तो. घरच्यांपासून लपवायचा म्हणून अंधारात कोंडणार? दिवाळीत तरी उघडाल ना?"

मी म्हणालो, "काका, उजेड लागला तर खराब होतं ते."

"असं काही नसतं. बरं, हवेचं काय केलंय?"

मी उठलो. 500 रुपये आगाऊ दिले, मापं पुन्हा वाचून दाखवली, गळता कामा नये असं बजावलं आणि निघालो. भोक पाडू नका असं सांगितलं नाही, हे खरं. पण चहा मागताना त्यात खिळा टाकू नका असं आपण सांगतो का?

काल टाकी घ्यायला गेलो. काका नव्हते. त्यांची पाटी झाली होती, 'निवृत्त' आता व्यवस्थित दोन त चा निवृत्त झाला होता. टाकी वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेली. बिलावर लिहिलं होतं, 'फिश टँक (उभा), 1 नग'. रिक्षात सुतळी सोडली तेव्हा भोक दिसलं. तीन हात नाक्यावरून रिक्षा परत फिरवली.

"ते काका म्हणाले, साहेबांना बोलायला संकोच वाटतो, तुम्हीच करून टाका," मालक म्हणाला. "पाइप वरून सोडला की लोंबतो, वाईट दिसतो. खालून नीट. आणि भोकाचे पैसे लावले नाहीत हं." त्याच्या चेहऱ्यावर उपकार केल्याचं खरंखुरं समाधान होतं. मला भांडायचं होतं, पण शटर अर्धं खाली आलं होतं आणि रिक्षाचं मीटर चालू होतं.

रात्री झोप येईना म्हणून फायटर माशाबद्दल वाचलं. त्याला कल्ल्यांखेरीज आणखी एक अवयव असतो. तो पाण्याच्या वर तोंड काढून सरळ हवेतून श्वास घेतो. पंप लागत नाही. म्हणजे ज्या नसलेल्या माशासाठी माझ्या टाकीला भोक पडलं, तो असता तरी त्यालाही ते नको होतं.

चिडतो मी कशाला? भोकाला नाही. आपल्याकडे कारागिराला नुसतं माप देऊन चालत नाही, कारण द्यावं लागतं. कारण पटलं नाही तर तो स्वतःच्या मनाने बरं कारण शोधतो आणि त्या कारणाला शोभेल अशी वस्तू तुमच्या हातात देतो. सुताराने माझ्या कॅमेऱ्याच्या पेटीला हौसेने कडी-कोयंडा लावला होता. "दागिने ठेवणार ना?" लाखभराचा मोबाइल घेतला तर कुणी 'कशाला' म्हणत नाही, 'किती मेगापिक्सेल' विचारतात. मी हजार-दीड हजार घालून एक टाकी करतो, तर वॉचमनपासून साडूपर्यंत सगळ्यांना माझा हेतू जाणून घ्यायचा असतो. साडूने तर विचारलं, "यातून पुढे काही होतं का?" हो, होतं. काचेवर फोटो होतो. पुढे काय व्हायचंय त्याचं?

तसं आठ महिन्यांत तोही झालेला नाही. एकही नाही. तेव्हा काकांना माझा संशय आला यात त्यांची सगळीच चूक म्हणता येत नाही. हे मी इथेच म्हणतोय, त्यांच्यासमोर म्हणणार नाही.

सकाळी दुकानात फोन केला. भोक बुजवता येईल का विचारलं. एम-सीलबिम-सील नको, चांदीच्या पाण्यात भलतंसलतं उतरतं, ॲक्रिलिकचाच तुकडा हवा, असंही सांगितलं.

"होईल की. गोल तुकडा बसवून क्लोरोफॉर्म सोडतो. 60 रुपये."

"पण भोक तर तुम्हीच पाडलंत."

"पाडायचे कुठे घेतले साहेब? बुजवायचे घेतोय."

यावर काय बोलणार! दुपारी आणतो म्हणालो. फोन ठेवणार इतक्यात पलीकडून आवाज आला.

"साहेब, मासा तोवर कशात ठेवलाय?"

"बादलीत," मी म्हणालो.